नाडी, पट्टी आणि नागपूरची वाट

हृदयाच्या तालाचे विकार इतर हृदयरोगांहून एका बाबतीत मूलतः वेगळे असतात, आणि ती बाब म्हणजे ते पुष्कळदा सतत हजर नसतात. अरुंद झालेली रक्तवाहिनी आज जशी असते तशीच महिन्याभराने तपासणीच्या टेबलावरही सापडते, खराब झालेली झडप कोणत्याही दिवशी स्टेथोस्कोपमधून ऐकू येते. ताल बिघडतो तो मात्र दहा मिनिटे किंवा दोन तास बिघडतो आणि रुग्ण डॉक्टरच्या दारात पोहोचण्याआधीच, मागे काहीही खूण न ठेवता, पूर्ववत होतो. त्यामुळे या विकारांच्या निदानात डॉक्टरची विद्वत्ता आणि रुग्णालयाचा आकार यांच्याइतकेच, किंबहुना काही वेळा त्यांहून अधिक, महत्त्व येते ते त्या ठराविक मिनिटांत रुग्णाच्या जवळ यंत्र होते की नाही या साध्या गोष्टीला. आरोग्यव्यवस्थेची मांडणी मात्र ठिकाणांच्या उतरंडीवर झालेली आहे, म्हणजे उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालय आणि त्यापुढे नागपूर. आणि जसजसे वर जावे तसतसे निदान अधिक अचूक होत जाते असे या मांडणीत गृहीत धरलेले असते. तालाच्या विकारांपुरते हे गृहीतक उलटे पडते, आणि यवतमाळ जिल्ह्यात ते किती उलटे पडते हे नकाशावरूनच दिसते.

१३,५८२ चौरस किलोमीटरांच्या या जिल्ह्यात सोळा तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे २७ लाख ७२ हजार आणि पाचांतले जवळपास चार जण खेड्यांत राहणारे. जिल्ह्याच्या ठिकाणी १९८९ मध्ये स्थापन झालेले वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, परंतु आजारी माणसाची वाट नेहमी जिल्ह्याच्या ठिकाणाकडेच जाते असे नाही: उमरखेडचा रुग्ण नांदेड गाठतो, वणीचा चंद्रपूरकडे वळतो, कळंब आणि राळेगावकडचे लोक सेवाग्राम किंवा सावंगीला जातात, आणि 'पुढे दाखवा' असे सांगितले गेले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे नागपूर येते, जे यवतमाळ शहरापासूनच सुमारे दीडशे किलोमीटर आहे. शकुंतला ही नॅरोगेज गाडी बंद पडलेली, वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचे काम बरीच वर्षे चाललेले, त्यामुळे प्रवास मुख्यतः एस.टी.चा किंवा भाड्याच्या गाडीचा. झरी जामणी किंवा मारेगाव तालुक्यातल्या एखाद्या कोलाम पोडावरून, म्हणजे आदिवासी वस्तीवरून, निघालेल्या बाईच्या छातीतली धडधड अशा प्रवासात कोठे थांबली हे सहसा कोणी टिपून ठेवत नाही. पोहोचल्यावर काढलेली ईसीजीची पट्टी स्वच्छ येते आणि केसपेपरवर 'नॉर्मल' असा शेरा पडतो.

हा शेरा खोटा नसतो, पण तो त्या क्षणापुरता खरा असतो, आणि हे समजून घेण्यासाठी हृदयातली विजेची व्यवस्था थोडी पाहावी लागते. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात, म्हणजे उजव्या अलिंदात, पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. त्याला सायनस गाठ म्हणतात, आणि १९०७ मध्ये आर्थर कीथ व मार्टिन फ्लॅक या ब्रिटिश अभ्यासकांनी तिचे वर्णन केले. ही गाठ विश्रांतीच्या स्थितीत मिनिटाला ६० ते १०० वेळा, म्हणजे दिवसाकाठी साधारण एक लाख वेळा, विजेचा सूक्ष्म स्पंद सोडते. तो वरच्या कप्प्यांतून पसरत मधल्या दुसऱ्या एका गाठीपाशी येतो, जिचा शोध सुनाओ तवारा या जपानी संशोधकाने १९०६ मध्ये प्रसिद्ध केला, तेथे क्षणभर रोखला जातो आणि मग तंतूंच्या जाळ्यातून खालच्या कप्प्यांत, म्हणजे निलयांत, उतरतो. या वाटेवर चार प्रकारचे घोटाळे मुख्यतः होतात. एखादा ठोका वेळेआधी पडतो आणि त्यामागून लांब विराम येतो, ज्याला लोक 'ठोका चुकला' म्हणतात; विजेला जादा आडवाट सापडून ती गोल फिरत राहते आणि नाडी एकाएकी मिनिटाला दीडशे ते सव्वादोनशेवर जाते; वरचे कप्पे नुसते थरथरू लागतात आणि नाडीला कसलाच नियम उरत नाही, ज्याला अलिंदकंपन म्हणता येईल; किंवा मधली वाट अडते, ठोके तीस-चाळीसवर उतरतात आणि माणूस उभ्याउभ्या कोसळतो. खालच्या कप्प्यांतूनच उगम पावणारा वेगवान ताल हा आणखी एक आणि सर्वांत धोक्याचा प्रकार, जो बहुधा आधीच इजा झालेल्या हृदयात उद्भवतो.

साधा ईसीजी या सगळ्याची नोंद साधारण दहा सेकंद करतो. एका दिवसात ८६,४०० सेकंद असतात, आणि महिन्यातून एकदा वीस मिनिटे येणारा विकार त्या दहा सेकंदांत सापडावा अशी अपेक्षा करणे म्हणजे निदान नशिबावर सोपवणे होय. हा पेच नवा नाही. हॉलंडमधील लायडन येथे विलेम आइंटहोवेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी घडवलेले पहिले वापरण्याजोगे यंत्र सुमारे २७० किलो वजनाचे होते आणि ते चालवायला पाच माणसे लागत. ते रुग्णाकडे नेणे अशक्य असल्यामुळे १९०५ मध्ये त्यांनी सुमारे दीड किलोमीटर अंतरावरच्या रुग्णालयातून तारेवाटे रुग्णाच्या हृदयाचे स्पंद आपल्या प्रयोगशाळेत आणले. दूरवरून ईसीजी पाहण्याची कल्पना अशी यंत्राइतकीच जुनी आहे. पुढे अमेरिकेतील मोंटाना राज्यातल्या हेलेना या लहान गावात नॉर्मन होल्टर यांनी पाठीवर बांधून हिंडता येईल असे नोंदयंत्र तयार केले. पहिल्या यंत्राचे वजन अडतीस किलोंच्या घरात होते, आणि १९६१ मध्ये त्यांनी त्याविषयी सविस्तर निबंध प्रसिद्ध केला तोवर ते आटोपशीर झालेले होते. आजचा होल्टर मुठीत मावतो आणि चोवीस किंवा अठ्ठेचाळीस तास नोंद ठेवतो; तथापि महिन्यातून एकदा येणाऱ्या धडधडीच्या तुलनेत हेही फार थोडेच तास आहेत, आणि यंत्र बसवायला एक व परत करायला दुसरी अशा दोन खेपा लागत असतील तर मजुरीवर जगणाऱ्या घराला ते परवडत नाही. शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत पेसमेकरसारखे उपचार अंगीकृत रुग्णालयांत होऊ शकतात, परंतु योजनेचा रोख मुख्यतः दाखल रुग्णांवरच्या उपचारांकडे असल्यामुळे निदानापूर्वीची वणवण, तिकिटे, बुडालेली मजुरी आणि खाजगी तपासण्या यांचा खर्च घरावरच पडतो. निदान झालेल्याला आधार आहे. निदान शोधणाऱ्याला जवळजवळ नाही.

या मधल्या काळात रुग्णाला जे उत्तर सर्वाधिक वेळा मिळते ते म्हणजे 'टेन्शन घेऊ नका'. अमेरिकेत १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांच्या हृदयातील जादा आडवाट पुढे तपासणीत सिद्ध झाली अशा १०७ रुग्णांची पूर्वपीठिका पाहण्यात आली, तेव्हा त्यांतले ६७ टक्के जण भीतीच्या झटक्यांच्या मानसिक विकाराचे निकष पूर्ण करत होते आणि निम्म्याहून अधिकांचा खरा विकार पहिल्या तपासणीत ओळखलाच गेला नव्हता. छाती एकदम दीडशेच्या गतीने धावू लागली तर कोणाचाही जीव घाबरा होणारच. घाबरणे येथे परिणाम असते आणि कारण समजले जाते. यवतमाळात हा गोंधळ अधिक गडद होण्याचे कारण असे की येथील ताण कल्पित नाही. कापसाचा भाव, सावकाराचे आणि बँकेचे कर्ज, शेतकरी आत्महत्यांचा गेल्या पंचवीस वर्षांचा इतिहास, हे सर्व इतके प्रत्यक्ष आहे की २०१५ पासून शासनाला शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी 'प्रेरणा' प्रकल्प चालवावा लागला. ज्या बाईच्या घरी खरोखरच आपत्ती येऊन गेली आहे तिच्या धडधडीला आपत्ती हेच कारण पुरेसे वाटते, डॉक्टरला आणि कित्येकदा तिला स्वतःलाही. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी 'बाहेरचे' काही असल्याचा निष्कर्ष काढला असेल तर डॉक्टरकडे येण्याआधीचे काही महिने देवऋषीकडे गेलेले असतात. दुःख खरे असणे आणि हृदयात आडवाट असणे या दोन्ही गोष्टी एकाच माणसात नांदू शकतात, ही शक्यता खेड्यातल्या घाईच्या ओपीडीत फार कमी वेळा विचारात घेतली जाते.

वास्तविक, या दोहोंतला फरक काही प्रमाणात नुसत्या विचारपुशीतून कळू शकतो. जाणते डॉक्टर रुग्णाला टेबलावर बोटाने ठेका धरून दाखवायला सांगतात: धडधड आली तेव्हा छाती कशी उडत होती? जो एकसारखा आणि फार जलद ठेका धरतो त्याची शंका एका दिशेला जाते, जो अडखळत, कसाही ठेका धरतो त्याची दुसऱ्या दिशेला. धडधड 'बटण दाबल्यागत' सुरू झाली आणि तशीच बंद झाली की हळूहळू चढून हळूहळू उतरली. गळ्यातही उडत होते काय. थांबल्यावर वारंवार लघवीला लागले काय. झोपेत किंवा स्वस्थ बसलेले असतानाही आली काय. घरात कोणी तरुणपणी अचानक गेले काय. आणि शुद्ध हरपली होती काय. शेवटच्या दोन प्रश्नांचे उत्तर होकारार्थी असेल तर प्रकरण 'टेन्शन'वर सोडणे अक्षम्यच मानावे लागेल. याबरोबरच हृदयाला दोष देण्यापूर्वी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड पाहावे लागते, कारण विदर्भात रक्तक्षय, आणि काही समाजांत सिकलसेल, इतका आढळतो की जलद नाडीचे मूळ पुष्कळदा तेथेच असते.

नाडी मोजणे हे तर कोणालाही जमण्यासारखे आहे. भारतीय वैद्यकात नाडीपरीक्षेचे सविस्तर विवेचन शार्ङ्गधरसंहितेत आढळते आणि तेथे नाडीच्या चालीला साप, बेडूक, हंस अशा प्राण्यांच्या गतीच्या उपमा दिलेल्या आहेत. थांबून थांबून चालणारी नाडी प्राण घेणारी असते असेही तेथे म्हटले आहे. (निरोगी हृदयातला अधूनमधून चुकणारा ठोका बहुधा निरुपद्रवी असतो हे आज माहीत आहे, त्यामुळे या विधानाने किती निष्पाप माणसांची झोप उडवली असेल कोण जाणे.) गावातल्या आशा कार्यकर्तीने किंवा शाळकरी मुलाने घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट मनगटावरची नाडी मोजली आणि आकडा, तारीख व वेळ कागदावर लिहिली, तर त्या एका ओळीचे मोल दुसऱ्या दिवशीच्या महागड्या तपासणीहून जास्त ठरू शकते. म्हणूनच धडधड चालू असताना नागपूरची गाडी शोधण्याऐवजी जेथे ईसीजीचे यंत्र असेल ते सर्वांत जवळचे ठिकाण गाठावे, मग ते ग्रामीण रुग्णालय असो की तालुक्यातला एखादा खाजगी दवाखाना. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यभर आहे, आणि कोसळलेल्या माणसाच्या बाबतीत तर दुसरा विचारच नको.

त्या पट्टीचीही एक अडचण आहे, आणि ती वैद्यकशास्त्राच्या पुस्तकांत सहसा आढळत नाही. ईसीजीच्या गुलाबी चौकटींच्या कागदावर रेघ शाईने छापली जात नाही. त्यावर उष्णतेने काळा होणारा लेप असतो आणि यंत्राची तापलेली सुई किंवा पट्टी त्यावर रेघ उमटवते. एक लहान चौकोन म्हणजे ०.०४ सेकंद, पाच लहान चौकोनांचा एक मोठा चौकोन म्हणजे ०.२ सेकंद, नियमित तालात दोन टोकांमधले मोठे चौकोन मोजून ३०० ला त्या संख्येने भागले की मिनिटाचे ठोके निघतात. हा लेप ऊन, प्लास्टिकचे वेष्टन आणि तेलकट हात यांपुढे टिकत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढणाऱ्या या जिल्ह्यात, टिनाच्या छपराखाली खुंटीला टांगलेल्या पिशवीत, वर्षा-दोन वर्षांत रेघ पुसट होऊन नुसत्या चौकटी उरतात. आणि एखाद्या काळजीवाहू मुलाने ती जपण्यासाठी लॅमिनेशन करायला दिली तर यंत्राच्या उष्णतेने सगळा कागद काळा पडून येतो. एकदाच पकडला गेलेला विकार असा फाईलीतून नाहीसा होतो आणि शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. उपाय अगदी साधा आहे: पट्टीवर पेनाने नाव, तारीख, वेळ आणि त्या वेळी होणारा त्रास लिहावा, त्याच दिवशी तिची झेरॉक्स काढावी आणि मोबाइलवर फोटो घ्यावा. हृदयविकाराचा झटका वेळीच ओळखण्यासाठी ईसीजी दूरच्या तज्ज्ञाकडे पाठवण्याची व्यवस्था राज्यात उभी राहू लागली आहे. तीच वाट तालाच्या विकारांनाही खुली झाली, तर काम आइंटहोवेन यांच्या तारेइतकेच सोपे होईल.

विकार पकडला गेल्यानंतरचे चित्र त्या मानाने आशादायक आहे. आडवाटेच्या जलद तालावर पहिला उपचार बिनखर्चाचा आहे: रुग्णाने पंधरा सेकंद जोर लावून फुंकायचे, सिरिंजचा दट्ट्या हलेल इतपत, आणि लगेच त्याला आडवे करून पाय पंधरा सेकंद वर उचलून धरायचे. इंग्लंडमध्ये ४२८ रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या पद्धतीने ४३ टक्के रुग्णांचा ताल पूर्ववत झाला, तर नुसते बसून फुंकण्याने १७ टक्क्यांचा. कायमचा उपाय म्हणून मांडीच्या शिरेतून नळी नेऊन ती आडवाट उष्णतेने निकामी करता येते आणि शंभरातले नव्वदांहून अधिक रुग्ण त्यातून मोकळे होतात. येथे मात्र नागपूर किंवा मुंबई-पुणे गाठणे सार्थकी लागते.

अलिंदकंपनाची गोष्ट इतकी सरळ नाही. श्रीमंत देशांत ते मुख्यतः वृद्धांचा विकार आहे. आपल्याकडे ते तरुण स्त्रियांतही दिसते, कारण लहानपणी घसा दुखून आलेला ताप सांध्यांवरून हृदयाच्या झडपेवर जातो, झडप अरुंद होते, वरचा कप्पा फुगतो आणि थरथरू लागतो. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की अर्धांगवायू. ती टाळण्यासाठी रक्त पातळ ठेवणाऱ्या जुन्या गोळ्या घ्याव्या लागतात आणि प्रमाण योग्य आहे की नाही हे आयएनआर नावाच्या रक्ततपासणीने वारंवार पाहावे लागते. ही तपासणी नको असलेल्या नव्या गोळ्या निघाल्या तेव्हा खेड्यांतल्या रुग्णांना दिलासा मिळेल असे वाटले होते, परंतु २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतीय रुग्णांचाही समावेश असलेल्या मोठ्या चाचणीत झडपेच्या अशा रुग्णांमध्ये जुनीच गोळी सरस ठरली. म्हणजे दर महिन्याची खेप चुकत नाही. त्यात जुन्या गोळीचा परिणाम 'के' जीवनसत्त्वाने कमी होतो आणि ते हिरव्या पालेभाज्यांत भरपूर असते. पावसाळा लागला की तरोटा, अंबाडी, चवळाई पानात येतात, उन्हाळ्यात ताटाचा रंग बदलतो, आणि आयएनआरचा आकडा त्याप्रमाणे वरखाली होतो. भाजी बंद करा असे सांगणे सोपे असले तरी चुकीचे आहे, कारण गरिबाच्या ताटातली तीच एक पौष्टिक वस्तू. ती वर्षभर साधारण सारख्या प्रमाणात खावी आणि ऋतू पालटताना तपासणी लवकर करावी, हे सांगायला अधिक वेळ लागतो, म्हणून सांगितले जात नाही.

या जिल्ह्यात नाडीकडे सर्वांचे लक्ष वेधणारी घटना हृदयविकाराची नव्हती. २०१७ च्या खरिपात, उंच वाढलेल्या कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले आणि शासनाला विशेष तपास पथक नेमावे लागले. फवारणीत वापरल्या जाणाऱ्या ऑर्गनोफॉस्फेट वर्गातील विषे शरीरातील कोलिनेस्टरेझ हे विकर बंद पाडतात. त्यामुळे मज्जातंतूंचा निरोप पोहोचवणारे रसायन साठत जाते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, लाळ आणि घाम सुटतो, आणि हृदयाला मंद करणाऱ्या मज्जातंतूचा अंमल वाढून नाडी उतरते. सुरुवातीला ती जलदही असू शकते, आणि पुढे हृदयाचा विद्युतप्रवाह पूर्ववत व्हायला लागणारा वेळ लांबून खालच्या कप्प्यांतला प्राणघातक ताल उद्भवू शकतो, म्हणून या रुग्णांचा ईसीजी पुन्हा पुन्हा काढावा लागतो. उतारा म्हणून दिले जाणारे अ‍ॅट्रोपिनही नाडीवर नजर ठेवूनच द्यायचे असते: छाती कोरडी, ठोके ८० च्या वर आणि रक्तदाब सावरलेला, इथपर्यंत. यंत्रांची वाण असली तरी खाटेशेजारी बसून दर काही मिनिटांनी मनगट धरणारा माणूस येथे निर्णायक ठरतो. महाराष्ट्रात याचे अधिक प्रसिद्ध उदाहरण कोकणातले आहे: बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ मध्ये रुजू झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाने दगावणाऱ्या रुग्णांची नाडी, रक्तदाब आणि श्वास तासन्‌तास टिपले, त्यावरून मृत्यूचे कारण हृदयात असल्याचे दाखवले, १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याविषयी लिहिले आणि पुढे प्राझोसिन या औषधाने मृत्यूंचे प्रमाण खाली आणले. त्यांच्यापाशी मोठे रुग्णालय नव्हते. विकार घडत असताना ते तेथे होते.

मंद तालाचे रुग्ण शेवटी पेसमेकरपाशी येतात. पहिला संपूर्ण शरीरात बसवलेला पेसमेकर १९५८ मध्ये स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांना बसवण्यात आला आणि अनेक यंत्रे बदलत ते २००१ पर्यंत जगले. आजच्या यंत्राची बॅटरी बहुधा आठ-दहा वर्षे टिकते, वर्षातून किमान एकदा तिची तपासणी करून घ्यावी लागते, आणि ती तारीख नेमकी कापूसवेचणीच्या दिवसांत आली की पुढे ढकलली जाते. यंत्रासोबत मिळणाऱ्या सूचनांत मोबाइल छातीच्या खिशात ठेवू नये, विमानतळावरच्या तपासणीच्या कमानीपाशी ओळखपत्र दाखवावे अशा गोष्टी असतात. यवतमाळच्या शेतकऱ्याला विमानतळाचे काम क्वचितच पडते. त्याच्या बांधावर मात्र रानडुक्कर आणि रोही रोखण्यासाठी झटका मशीनची विजेची तार असते. तिचा स्पंद पेसमेकरला हृदयाचाच ठोका वाटू शकतो आणि यंत्र क्षणभर गप्प बसू शकते, त्यामुळे ती चालू असताना तिला हात लावणे, तिच्यावर रेलणे किंवा ओल्या पायांनी तिची दुरुस्ती करणे टाळावे, बटण आधी बंद करावे आणि शक्यतो हे काम घरातल्या दुसऱ्या कोणाकडे द्यावे. वेल्डिंगचे यंत्र आणि मोटारपंपाचा उघडा स्टार्टर यांचीही चौकशी रुग्णालयातून सुट्टी घेतानाच करून ठेवावी लागते, कारण छापील सूचना शहरातल्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या असतात आणि शेतात काय काय विजेवर चालते हे रुग्णाने सांगितल्याशिवाय डॉक्टरला कळायला मार्ग नसतो.